देठासकट पडलेली फळं : वरुड भागातल्या एका संत्रा बागेचा २०२२ चा आंबिया बहार

मार्च २०२२ संपायला चार-पाच दिवस होते. सकाळीच मामाजींचा फोन आला. "बापू, एखादी चक्कर मारून जाय बरं. झाडाखाली सारं हिरवं हिरवं पडून रायलं. रात्री कोनं झाडं हालवून गेल्यासारखं." वरुड तालुक्यातला माणूस फळगळीला सहसा घाबरत नाही, थोडीफार गळ दरवर्षी ठरलेलीच. त्यांनी आपणहून बोलावलं म्हटल्यावर मी अमरावतीहून लगेच निघालो.

बाग अडीच एकर. सहा बाय सहा मीटरवर पावणेतीनशेच्या आसपास नागपुरी संत्र्याची झाडं, वय बारा वर्षं, जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर डोळा भरून कलम केलेली. जमीन भारी काळी. अर्ध्या बागेत ठिबक, उरलेल्या अर्ध्यात आजही दांडानं आळ्यात पाणी. पाणी बोअरचं. सरकारी वर्गवारीत वरुड तालुका भूजलाच्या बाबतीत अतिशोषित आहे, तेव्हा बोअर किती फूट गेला हा प्रश्न इथं पाहुण्यानं विचारू नये.

झाडाखाली खरंच पावलागणिक फळं होती. बहुतेक ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढी, मधूनच एखादं बोराएवढं. मूठभर उचलून तळहातावर पसरली. लहान फळं देठासकट पडलेली. बारीक, पिवळसर पडत चाललेला देठ आणि त्याचं टोक नखानं खुडल्यासारखं स्वच्छ. डाग नाही, छिद्र नाही, कुज नाही. नखानं चिरलं तर आत पांढरं, कोवळं, ठणठणीत.

मामाजींचं निदान तयार होतं. "रोग हाय. कालच तालुक्याच्या दुकानातून औषध आनलं." पिशवीत एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि एक टॉनिक होतं. टॉनिकच्या बाटलीवर फळधारणेपासून फळाच्या चमकेपर्यंत सगळं लिहिलेलं, फक्त आत काय आहे ते नव्हतं. मी पिशवी गोठ्यातल्या खुंटीला अडकवली आणि म्हटलं, "मामाजी, आधी डिसेंबरपासून काय काय झालं ते सांगा."

आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळा संपताना येणाऱ्या फुलोऱ्याचं, सगळं गणित ताणावर असतं. थंडीत पाणी तोडायचं, झाडाला विश्रांती द्यायची, पानं किंचित मलूल होऊन थोडी गळली की जानेवारीत ताण तोडायचा. थंडी आणि ताण दोन्ही मिळाले की फुलं एकाच वेळी, दणकून येतात. त्या हिवाळ्यात मामाजींनी पाणी वेळेवर तोडलं होतं, पण डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. भारी जमिनीत तेवढी ओल पुरते. झाडं अर्धवट जागी झाली. काही फांद्यांवर फूट निघाली, बाकीच्या तशाच. फुलं कमी दिसली म्हणून मामाजींनी जमीन पुन्हा वाळू दिली आणि जानेवारी संपताना पाणी सोडलं. त्यामुळे बागेत फुलांच्या दोन लाटा आल्या, एक फेब्रुवारीच्या सुरुवातीची, दुसरी फेब्रुवारी संपतानाची.

हे ऐकल्यावर मी झाडाभोवती फिरून फांद्या बघायला लागलो. पहिल्या लाटेची फळं बोराएवढी होऊन फांदीवर बसलेली होती. दुसऱ्या लाटेच्या फांद्यांवर नुसते देठांचे व्रण. एकच झाड, एकच खत, एकच पाणी, एकच ऊन, आणि निकाल दोन. एकाच वयाची फळं असती तर मला एवढं स्पष्ट कधीच दिसलं नसतं. अवकाळी पावसानं नुकसान केलं खरं, पण जाता जाता एक प्रयोगही लावून गेला.

मग त्या मार्चमध्ये काय घडलं होतं? हवामान खात्याच्या नोंदींत २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश. विदर्भात एरवी मार्चमध्ये दुपारचा पारा सरासरी ३६ अंशांच्या आसपास असतो. त्या वर्षी महिन्याच्या शेवटी तो चाळिशीच्या पुढे गेला. पुढचा एप्रिलही मध्य भारतासाठी १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण निघाला. मामाजी सारखं म्हणत होते, "मे महिना तर अजून बाकीच हाय." सगळ्यांचीच नजर मेवर असते. मेच्या उन्हाचा धाक पिढ्यान् पिढ्यांचा आहे. पण मेपर्यंत फळ लिंबाच्या दिशेनं निघालेलं असतं, त्याची साल तयार झालेली असते. मार्चमध्ये ते पाकळ्या गळून जेमतेम तीन-चार आठवड्यांचं असतं. ४१ अंश मेमध्ये आले तर विदर्भातल्या झाडाला त्याचं विशेष काही वाटत नाही. तेच ४१ अंश ज्वारीच्या दाण्याएवढ्या फळाला मार्चमध्ये भेटले की खेळ संपतो.

संत्र्याचं झाड मुळातच उधळं. हजारो फुलं काढतं आणि त्यातली शंभरात एक-दोन काढणीपर्यंत गेली तरी बहार चांगला म्हणायचा. म्हणजे गळ हा झाडाचा स्वभाव आहे. आपल्याला पोसवतील तेवढी लेकरं ठेवायची, बाकीची सोडायची, असा त्याचा हिशेब. उष्णता हा हिशेब बिघडवते, म्हणजे झाडाला स्वतःची कमाई एकदम कमी वाटायला लागते.

संत्र्याचं पान साधारण २५ ते ३० अंशांत सगळ्यात चांगलं अन्न तयार करतं. ३५ च्या पुढे काम मंदावतं. कोरड्या, तापलेल्या हवेत पान आपली पर्णरंध्रं मिटून घेतं, कारण उघडी ठेवली तर पाणी भराभर उडतं. रंध्रं मिटली की कर्बवायू आत येत नाही, पान थंड राहत नाही, आणि उन्हात त्याचं तापमान हवेपेक्षा बरंच वर जातं. त्यात रात्रीही उकाड्याच्या असतील तर झाड रात्रभर श्वसनात साखर जाळतं. दिवसा कमाई कमी, रात्री खर्च जास्त. फळ लहान, त्यात बीही अजून धरलेलं नाही. झाडाकडून अन्न ओढून घ्यायची ताकद फळाला मिळते ती त्यातल्या वाढीच्या संप्रेरकांमुळे, आणि ती या वयात तुटपुंजी असतात. मग ज्याची ओढ सगळ्यात कमी, त्याचा देठ सगळ्यात आधी सुटतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला संत्र्याच्या झाडाची सगळ्यात निष्ठुर गोष्ट वाटते. दुपारी मुळांकडून पाणी पुरेना झालं की पानं ते फळातून ओढून घेतात. फळ दिवसा किंचित आकसतं आणि रात्री पुन्हा भरतं. मोठ्या फळाला हे सोसतं. दाण्याएवढ्या फळात ओढायला असतं तरी किती? कॅलिफोर्नियात वॉशिंग्टन नेव्हल संत्र्यांची अशीच भयंकर गळ व्हायची, तेव्हा कोइट आणि हॉजसन या दोघांनी ती तपासली आणि १९१९ मध्ये बोट ठेवलं ते उष्ण, कोरड्या हवेत कोवळ्या फळांत पडणाऱ्या पाण्याच्या तुटीवर. वरुड-मोर्शीला आपण कौतुकानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो. कौतुकाबरोबर दुखणंही घेतलंय.

देठ सुटतो म्हणजे नेमकं काय, हे मामाजींना मी फळ हातात देऊन दाखवलं. लिंबूवर्गीय फळाला तुटायच्या जागा दोन. एक देठ जिथं फांदीला जुळतो तिथं, दुसरी फळ जिथं देठाच्या चकतीला, म्हणजे बुडखीला बसतं तिथं. फळ अगदी कोवळं असताना पहिली जागा सुटते, म्हणून ते देठासकट पडतं. फळ मोठं झालं की ती जागा घट्ट होते आणि मग सुटते ती दुसरी. बुडखी झाडावर राहते, फळ खाली येतं. म्हणजे खाली पडलेलं फळ उलटं करून बघितलं तर ते साधारण कोणत्या वयात आणि कशानं गेलं याचा निम्मा जबाब तिथंच मिळतो. फुकट मिळतो, आणि आपण दुकानात जातो.

त्या संध्याकाळी दोन झाडांखाली मामींच्या जुन्या साड्या अंथरल्या, एक ठिबकच्या बाजूला, एक दांडाच्या. पडवीत सावलीला एक साधा तापमापक टांगला. मामाजी रोज सकाळी साडी झाडून फळं मोजायचे आणि मला आकडा सांगायचे. ते आकडे इथं देत नाही. दोन झाडांच्या मोजणीवरून कोणी टक्केवारी काढू नये. पण दोन गोष्टी ठसठशीत दिसल्या. एक, पारा चढला त्या दिवशी फार पडायची नाहीत. दोन-तीन दिवसांनी सडा पडायचा. देठातल्या पेशींमधली सांधण विरघळवायला झाडाला तेवढा वेळ लागतो. म्हणून शेतकऱ्याला ऊन आणि गळ यांची सांगड लवकर दिसत नाही, आणि गळीच्या आदल्या दिवशी जे काही मारलं असेल त्याच्यावर खापर फुटतं.

दुसरी गोष्ट दांडाच्या बाजूची. तिथं पाण्याची पाळी लांबली होती. थ्री फेजची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यात ट्रिपिंग. जमिनीला भेगा पडू लागल्यावर मामाजींनी एका रात्री आळी तुडुंब भरली. त्यानंतर तिथली गळ उलट वाढली. "पानी देल्ल्यावर पडते म्हंजे काय?" मामाजींचा प्रश्न रास्त होता. लिंबूवर्गीय रोपांवरच्या अभ्यासात हे दिसलेलं आहे : कोरडं पडलेलं असताना मुळांमध्ये इथिलीनचं, म्हणजे पानं-फळं गळवणाऱ्या संप्रेरक वायूचं, कच्चं द्रव्य साठत राहतं, आणि एकदम पाणी मिळालं की ते वर चढून त्याचं इथिलीन होतं आणि पानं गळतात. पानांचं जे होतं त्याच मार्गानं कोवळी फळंही जात असावीत, असं मला या बागेत वाटलं. त्या झाडांखाली फळांबरोबर पानंही पडली होती, एवढाच माझा पुरावा.

बागेच्या एका कोपऱ्यात पाच-सहा झाडांखाली सोयाबीनचं कुटार पसरलेलं होतं. ते काही शास्त्र म्हणून नव्हे, मळणीनंतर ढीग तिथंच राहिला आणि गड्यानं पसरून टाकला एवढंच. त्या झाडांवर दुसऱ्या लाटेची फळं बऱ्यापैकी टिकली. कुटार सरकवून हात घातला तर खाली गारवा आणि ओल, मोकळ्या आळ्यात मात्र तळवा टेकवेना. मामाजींना लगेच पटलं. मला थोडं कमी, कारण तो कोपरा बांधावरच्या आंब्याच्या सावलीतही येतो. कुटारानं किती वाचवलं आणि आंब्यानं किती, हे वेगळं काढायला जागा नव्हती. पण कुटार घरचंच, त्यामुळे वाद न घालता जेवढं होतं तेवढं सगळ्या आळ्यांत टाकलं, बुंध्यापासून वीतभर सोडून.

पाण्याचं वेळापत्रक बदललं. दांडाच्या बाजूला तुडुंब पाळी बंद केली. थोडं थोडं, पण लवकर लवकर, आणि जमेल तेव्हा रात्री किंवा पहाटे. ठिबकच्या बाजूला एकाच वेळी देण्याऐवजी दोन हप्ते. जे फळ अजून झाडावर होतं त्यासाठी एक फवारा घेतला : १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम जिब्रेलिक ॲसिड, म्हणजे वाढीचं एक संप्रेरक, आणि १ किलो युरिया. विदर्भातल्या संत्र्यासाठी ही जुनी, ठरलेली शिफारस आहे. जिब्रेलिकची पूड पाण्यात सरळ विरघळत नाही, ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. हे कित्येक जण करत नाहीत आणि मग टाकीच्या तळाशी पैसे बसलेले दिसतात. फवारा सकाळी ऊन चढायच्या आत संपवला, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. मामाजींना स्पष्ट सांगितलं की याच्यानं पडलेलं फळ परत येत नाही आणि मुळांना पाणी नसेल तर पडणारंही थांबत नाही. झाडाची कमाई वाढत नाही, फळाची ओढ थोडी वाढते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गळ ओसरली. आमच्या उपायांनी ओसरली असं छातीठोक म्हणायला मी तयार नाही. दुसऱ्या लाटेचं जाण्यासारखं बहुतेक गेलेलं होतं, उरलेली फळं वयानं घट्ट झाली होती. पण झाडं मेमध्ये मलूल न होता उभी राहिली, नवती करपली नाही, हे मात्र पाण्याच्या वेळापत्रकाचंच काम.

खरी गंमत ऑगस्टमध्ये झाली. जुलै २०२२ मध्ये विदर्भात धो धो पाऊस झाला. मामाजींच्या भारी जमिनीत वाफसा म्हणून येईना. पंधरा ऑगस्टच्या सुमारास पुन्हा फोन. "तेच सुरू झालं बापू. मार्चमधी मारलं होतं तेच मारतो." मी म्हटलं, "मारू नका. पडलेलं फळ उलटं करा आणि सांगा." पलीकडे थोडा वेळ नुसता चिखलात चालल्याचा आवाज. मग म्हणाले, "देठ नाही. बुडखी झाडावरच रायली. अन् फळ देठाकडून काळं पडलं."

ही वेगळी गळ. मुळांशी पाणी साचून श्वास कोंडलेली झाडं, झाडावर राहिलेली वाळकी सल, तिच्यावर वाढलेली बुरशी आणि तिथून फळाच्या देठाकडच्या बाजूला शिरलेली कुज. इथं नुसत्या जिब्रेलिकनं काहीही होत नाही. चर खोदून पाणी बाहेर काढलं, सल काढून जाळली, पडलेली फळं वेचून खड्ड्यात पुरली आणि आता कुठं बुरशीनाशकाचं काम होतं. मार्चमध्ये खुंटीला अडकवलेली पिशवी मामाजींनी काढून आणली. त्यातलं बुरशीनाशक वापरायच्या मुदतीत होतं, म्हणून तेच वापरलं. टॉनिकची बाटली अजून तिथंच असावी.

त्याच वेळी शेजाऱ्यानं फळगळीवर २,४-डी, म्हणजे एरवी तणनाशक म्हणून वापरतात ते औषध, मारायचं ठरवलं होतं. संत्र्यावर अगदी कमी मात्रेत, १०० लिटरला १.५ ग्रॅम, तेही शिफारशीतलं आहे. पण त्याच्या बागेला लागून मामाजींची पऱ्हाटी उभी होती. कपाशी या औषधाला इतकी हळवी की वाऱ्यावर उडून आलेल्या तुषारांनीही पानं भेंडीच्या पानासारखी चिरफाळतात आणि बोंडं धरत नाहीत. मामाजी बांधावर जाऊन बसले आणि चहा पाजून शेजाऱ्याला जिब्रेलिकवर आणून ठेवला. त्याच्या झाडांना त्याचा किती उपयोग झाला ते माहीत नाही. पऱ्हाटी वाचली.

सप्टेंबर-ऑक्टोबरला रसशोषक पतंगाचा तिसरा अंक थोडक्यात आटोपला. पडलेलं फळ दाबलं की सुईएवढ्या छिद्रातून रसाची चिळकांडी उडते, ही त्याची खूण. पतंग रात्री येतो, त्याच्या अळ्या बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर वाढतात. वेली काढल्या, संध्याकाळी धूर केला.

पैशाचं बोलायचं तर बागेचा सौदा नोव्हेंबरमध्ये झाला. व्यापारी झाडाखालून फिरत वर बघून फळांचा अंदाज घेतो, त्याला खाली काय पडून गेलं याच्याशी देणंघेणं नसतं. फळं नेहमीपेक्षा कमी, पण आकारानं मोठी. झाडानं कमी लेकरं ठेवली आणि ती नीट पोसली. कमी फळांचं नुकसान मोठ्या फळानं पूर्ण भरून आलं नाही, थोडं भरून आलं. मामाजींनी इसार घेतला आणि त्या रात्री जेवताना बोलले नाहीत, यावरून मी काय ते समजलो.

फळपीक विमा होता. हवामानावर आधारित विम्यात तुमच्या बागेतली फळं कोणी मोजत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात, ठरलेल्या मर्यादेच्या वर पारा ठरलेले दिवस राहिला की नाही, एवढंच बघतात. योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पंचनाम्यापेक्षा हे बरंच सुटसुटीत आहे. पण केंद्र काही किलोमीटरवर, बाग इथं, आणि फळाचं वय त्या यंत्राला कळत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या लाटेला ते एकच मार्च लावतं. यंत्रं चुकतातही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, नंतर हवामान खात्यानं उपकरणात बिघाड असल्याचं सांगितलं. मामाजींनी ती बातमी मला पाठवून खाली लिहिलं होतं, "आपला विमा यानंच काढाव."

पुढच्या हिवाळ्यात मी मामाजींना एकच आग्रह केला : फुलांची लाट एकच येऊ द्या, आणि लवकर. ताणात पाऊस झालाच आणि फूट निघालीच, तर पुन्हा वाळवत बसू नका, निघालेल्या फुटीला पाणी देऊन तोच बहार धरा. थोडी कमी फुलं चालतील, उशिराची नकोत. फुलं बघताना पालवीसह आलेली फुलं किती आणि नुसत्या काडीवरची किती तेही बघा. पानांच्या सोबतीनं आलेलं फूल जास्त टिकतं, त्याच्या शेजारीच स्वयंपाकघर असतं. कुटार या वेळी गड्याच्या मर्जीवर न ठेवता जानेवारीतच बाजूला काढून ठेवलं.

२०२३ चा फेब्रुवारी पुन्हा तापला. कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी म्हणून त्याची नोंद झाली. मार्चच्या सुरुवातीला मामाजींचा फोन आला. मी उचलला, काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "देठासकट हाय. ज्वारीएवढी. डाग नाही. पानी काल रात्रीपासून थोडं थोडं सुरू केलं. तू ये, पण घाई नोको करू."